रोल कुठलाही चालायचा

"आत रोल कुठल्या कंपनीचा आहे, हे कॅमेऱ्याला कळतच नव्हतं. सगळी गंमत तिथंच होती." मामा बोलायला लागले की निकाल आधी सांगतात, पुरावे मागून येतात. "कोडॅकनं १२० नंबरचा रोल १९०१ साली काढला, पण तो एकट्या कोडॅकचा राहिला नाही. माझ्या याशिकात मी कोडॅक घातला, आग्फा घातला, फुजी घातला. बाहेरचा माल मिळेना तेव्हा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' घातला. सहा बाय सहाचे बारा फोटो म्हणजे बाराच. रोल धुवायचा तर बाभुळगावात माझ्याकडं, नाहीतर यवतमाळला, नाहीतर नागपूरला. कॅमेरा कुठला होता असं कुणी विचारत नसे. आणि आता तू लाखो रुपयांचा कॅमेरा गळ्यात घालून येतोस आन् सांगतोस, ही फाइल ह्या सॉफ्टवेअरात उघडते, त्यात उघडत नाही. काहून? फोटो माझा, गिऱ्हाईक माझं, आणि निगेटिव्ह उघडायची की नाही हे ठरवणार डेन्मार्कमधली कंपनी?"

भाचा पुण्यात दागिन्यांच्या आणि साड्यांच्या कॅटलॉगांची कामे करतो. मोठ्या सेन्सरचा कॅमेरा ही हौस नाही, पोटाचा धंदा आहे, असे तो सांगतो. हौस आहेच, त्याशिवाय माणूस मिलिमीटर तोंडपाठ करत नाही.

"रोलची तुलना थोडी खरी आहे, मामा, आणि बरीच फसवी," तो म्हणाला. "रोल हा कच्चा माल होता. आता फिल्म, कॅमेरा आणि निम्मी डार्करूम एकाच डब्यात आली. ज्याला फुल फ्रेम म्हणतात तो सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. माझ्या फुजी जीएफएक्सचा ४४ बाय ३३, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ १.७ पट. फेज वनच्या मोठ्या बॅकचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीला लावायच्या सेन्सरच्या डब्याचा, साधारण ५४ बाय ४०, म्हणजे अडीच पट. तुमच्या जुन्या साडेचार बाय सहाच्या फ्रेमच्या, जिला आम्ही अजून ६४५ म्हणतो, तिच्या सगळ्यात जवळ जाणारा तोच. पैठणीच्या काठातली एकेक जर, नथीच्या मोत्यावरची खिडकीची सावली, हे त्यात उतरतं. आता भावाचं बघा. २०१४ साली सोनीनं ५० मेगापिक्सेलचा सीमॉस सेन्सर बाजारात आणला. तोच फेज वननं घेतला, हॅसलब्लाडनं घेतला, पेन्टॅक्सनंही घेतला. फेज वनची आयक्यू२५० ही नुसती बॅक सुमारे ३५,००० डॉलरला. पेन्टॅक्सचा ६४५झेड, अख्खा कॅमेरा, साडेआठ हजारांना. २०१६ मध्ये हॅसलब्लाडचा एक्स१डी नऊ हजारांच्या आसपास आला, २०१७ मध्ये फुजीचा जीएफएक्स ५०एस साडेसहा हजारांना, आणि २०२१ मध्ये त्याचाच धाकटा भाऊ चार हजारांना. सात वर्षांत भाव कुठल्या कुठं आला. ही बाजारातली झुंज नसती, तर असला मोठ्या सेन्सरचा डिजिटल कॅमेरा माझ्यासारख्याला फक्त पोस्टरवर दिसला असता."

"म्हणजे कापूस एकाच शेतातला," मामा म्हणाले, "आणि जिनिंगवाले तीन. गाठीवर शिक्का ज्याचा त्याचा. हे मला पटतं. सेन्सर एकच असेल तर भावातला फरक कशाचा? लेन्सचा थोडा, नावाचा थोडा, आणि उरलेला सॉफ्टवेअरचा. इथंच माझा संशय सुरू होतो. माल सारखा झाला की व्यापारी मालावरून भांडत नाही, रस्त्यावरून भांडतो. गाडी कुठल्या फाटकातून आत घ्यायची, यावरून. तूच मागं सांगितलं होतंस ना, फेज वनचं ते कॅप्चर वन सॉफ्टवेअर कुणाला आत घेत नसे ते?"

भाच्याला हा विषय टाळायचा होता असे वाटते, कारण इथे त्याचा सूर जरा खाली आला.

"खरं आहे. फेज वन, तुमची ती डेन्मार्कमधली कंपनी, १९९३ ची. डिजिटल बॅक बनवता बनवता तिनं कॅप्चर वन केलं, आणि ते इतकं चांगलं निघालं की दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांचे लोकही विकत घ्यायला लागले. केबल लावून काम करताना फोटो काढला की क्षणात मोठ्या पडद्यावर. गिऱ्हाईक शेजारी खुर्ची टाकून बसलेलं असतं, त्याला तेच हवं असतं. कॅनन चाले, निकॉन चाले, सोनी तर अगदी लाडका. पण हॅसलब्लाडच्या फाइली वर्षानुवर्षं चालत नव्हत्या. पेन्टॅक्स ६४५झेडच्याही नाहीत. फुजीच्या छोट्या कॅमेऱ्यांच्या चालत, पण जीएफएक्स २०१७ मध्ये आला तेव्हा त्याची फाइल परत पाठवली जाई."

"छोटा चाले, मोठा चालत नसे. म्हणजे कष्टाचा प्रश्न नव्हता."

"कष्टाचाही असतो, मामा. प्रत्येक कॅमेऱ्याचे रंग मोजायचे, प्रत्येक लेन्सचा वाकडेपणा नोंदवायचा, केबलीवरून तो ऐकतो का हे तपासायचं. चार इंजिनिअरांचे महिने जातात. प्रतिस्पर्ध्याचा माल आपल्या खर्चानं चांगला दिसावा, म्हणून कुठली कंपनी राबेल?"

"नको राबू दे. पण पेन्टॅक्स तर डीएनजी फाइल देत होता. अडोबीनं ती २००४ साली काढली, ती सगळ्यांसाठी मोकळी, असं तूच म्हणतोस. मोकळ्या भाषेत लिहिलेली चिठ्ठीसुद्धा वाचायची नाही, कारण पाकिटावर भाऊबंदाचं नाव आहे? याला कष्ट वाचवणं म्हणत नाहीत, बाप्पा. याला आमच्याकडं बांधावरचं भांडण म्हणतात."

भाच्याला हसू आले. बांधावरच्या भांडणाला त्याच्याकडे एक पुरवणी होती. प्रत्येक फाइलीत कॅमेऱ्याचे नाव लिहिलेले असते. जीएफएक्सवाल्या काही खटपट्या लोकांनी एका छोट्या प्रोग्रॅमने ते नाव पुसून दुसऱ्या, चालणाऱ्या कॅमेऱ्याचे टाकले. कॅप्चर वनने फाइल बिनबोभाट उघडली. रंग तेवढे अंदाजाने सांभाळावे लागत.

हे ऐकून मामांना आपला कापूस आठवला, आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला तो आठवला की मध्ये बोलण्यात अर्थ नसतो. "१९७२ मध्ये सरकारची एकाधिकार खरेदी आली. तीसेक वर्षं शेतकऱ्यानं कापूस दुसऱ्या कुणाला विकायचा नाही. भाव बरा असला तर लोक त्याला संरक्षण म्हणायचे, आणि चुकारे थकले की फास. मग काय व्हायचं? रात्रीच्या गाड्या आदिलाबादकडं. इकडच्या कापसानं राज्याची सीमा ओलांडली की तो तिकडचा होई. तुझ्या त्या लोकांनी फाइलीचं नाव बदललं ते हेच. जिथं असा चोरटा रस्ता लागतो, तिथं कुलूप मालासाठी नसतं, माणसासाठी असतं."

"पण एकाधिकाराचा पहिला हेतू वाईट नव्हता, हे तुम्हीच सांगता," भाचा म्हणाला. "हमी द्यायची होती. बंद व्यवस्थेत हमी असते, हे माझं म्हणणं. हॅसलब्लाडचंच घ्या. २००२ चा एच१ आणि नंतरचा एच२ दुसऱ्यांच्या बॅका घेत. फेज वनची लावा, लीफची लावा. २००६ मध्ये एच३डी आला आणि दार बंद झालं. लोकांनी शिव्या घातल्या. पण कंपनीनं मांडलेली बाजू नुसती पळवाट नव्हती. कुठली लेन्स, कुठलं अंतर, किती छिद्र हे कॅमेऱ्यालाच माहीत. ते सॉफ्टवेअरला कळलं की लेन्सचा वाकडेपणा आणि रंगाची झालर तिथंच धुऊन निघते. तिऱ्हाइताची बॅक लावली की ही साखळी तुटते. डॉक्टर, औषध आणि पथ्य एकाकडून घ्यायचं, तसं."

"आणि डॉक्टर दवाखाना बंद करून गेला तर?"

"मग दुसरे दवाखाने उघडतात. झालंही तसंच. हॅसलब्लाडनं दार लावलं म्हणून फेज वनला स्वतःचं घर शोधावं लागलं. तिनं मामियाशी सोयरीक केली, २००९ मध्ये तिच्यात मोठा हिस्सा घेतला, लीफही त्याच वर्षी पदरात पाडली. एका बंद दारामुळं बाजारात दुसरा पूर्ण कॅमेरा उभा राहिला. आणि ज्या हॅसलब्लाडला आपण दार लावणारी म्हणतोय, तिचीच सीएफव्ही बॅक १९५७ पासूनच्या जुन्या व्ही मालिकेतल्या बहुतेक कॅमेऱ्यांना बसते. आजोबांच्या कॅमेऱ्यावर नातवाचा सेन्सर. माणसासारखीच असते कंपनी. एका हातानं लावते, दुसऱ्यानं उघडते."

हे उदाहरण चांगले आहे, पण भाच्याने त्यातून काढलेला अर्थ जरा घाईचा. बंद दारामुळे दुसरे घर उभे राहिले हे खरे. पण ज्याने जुन्या घरासाठी लेन्सा घेऊन ठेवल्या होत्या, त्याला नव्या घरात तशाच आणता आल्या नाहीत. मामांनी नेमके हेच पकडले.

"कंपन्यांना घरं मिळाली. भाडेकरूचं काय? लढाई दोन पाटलांची, नासाडी उभ्या पिकाची. बरं, फुजीला शेवटी आत घेतलं ना?"

"घेतलं. २०१८ च्या सप्टेंबरात फोटोकिनाच्या जत्रेत दोन्ही कंपन्यांनी जाहीर केलं आणि वर्ष संपायच्या आत जीएफएक्सच्या फाइली कॅप्चर वनमध्ये उघडायला लागल्या. तोवर फेज वनचा स्वतःचा माल १०० आणि १५० मेगापिक्सेलच्या त्या अडीचपट सेन्सरवर गेला होता. फुजीचा कॅमेरा तिच्या गिऱ्हाइकाला हात लावणार नव्हता, उलट फुजीवाले सॉफ्टवेअरचे गिऱ्हाईक होणार होते. हा माझा अंदाज आहे, कंपनीचं म्हणणं नाही."

"म्हणजे वैर संपलं नाही, फायदा बदलला. कॅमेऱ्यापेक्षा सॉफ्टवेअर जास्त विकलं जायला लागलं की फाटक उघडलं. उद्या परत बदलला तर परत लागेल. माझं भांडण याच्याशी आहे. दार बंद असण्याशी नाही. किल्ली कुणाच्या खिशात आहे त्याच्याशी."

"मग कॅमेरे न बनवणाऱ्याकडं जा. अडोबी कॅमेरा विकत नाही. तिच्या लाइटरूममध्ये हॅसलब्लाड उघडतो, पेन्टॅक्स उघडतो, फेज वनही उघडतो. तिला भाऊबंदकी नाही."

"भाऊबंदकी नाही, पण भाडं आहे. २०१३ पासून तिनं हळूहळू विकणं बंद करून महिन्याचं लावलं, तेव्हा याच ओट्यावर बसून तू किती बडबडला होतास! तिऱ्हाईत माणूस न्याय देतो, पण जागेचं भाडंही तोच घेतो."

"फुकटचेही रस्ते आहेत, मामा. अमेरिकेत डेव्ह कॉफिन म्हणून प्रोग्रॅमर. त्यानं १९९७ मध्ये डीसीरॉ नावाचा एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. एकट्यानं, कुठल्या कंपनीची परवानगी न मागता, शेकडो कॅमेऱ्यांच्या फाइली उकलल्या. २००५ मध्ये निकॉननं आपल्या एका कॅमेऱ्याच्या फाइलीतली पांढऱ्या रंगाची नोंद कूटबद्ध केली, अडोबीवाले उघडपणे चिडले, आणि कॉफिननं ती उकलूनही टाकली. आजचे बरेच फुकट प्रोग्रॅम त्याच वाटेवरून आलेत. म्हणून मला वाटतं, आपण फार घाबरतो. कुलूप लावणारा असतो तिथं किल्ली घडवणाराही असतोच."

इथे मामांनी उत्तर दिले ते कॅमेऱ्याचे नव्हतेच.

"किल्ली घडवणारा लोहार येईपर्यंत आत काय कुजतं ते मी पाहिलंय. लग्नपत्रिका आणि अल्बमची पहिली पानं मी वीस वर्षं टाइप केली. तेव्हा मराठीच्या घरात युनिकोड आलं नव्हतं. इस्की नावाचं भारतीय मानक १९९१ पासून कागदावर होतं, पण छापणाऱ्याच्या टेबलावर ज्याचा त्याचा फॉन्ट आणि ज्याची त्याची गुप्त लिपी. एकाचा क म्हणजे दुसऱ्याचा कंस. माझा जुना संगणक गेला, त्यावरचा फॉन्ट गेला, आणि दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली तर 'आमचे येथे श्रीकृपेकरून' याच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलरची खूण आणि टिंबं. शब्द होते, फाइलीतले अंक शाबूत होते, पण भाषा निघून गेली होती. मराठी माणसाला ह्या प्रकरणाची गोष्ट कॅमेरेवाल्यांनी सांगू नये. आपण एक पिढी स्वतःच्या भाषेतच परके झालो होतो. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्ट आला, पुढं युनिकोड सगळीकडं झालं, पण माझ्या आधीच्या फाइली काही आपोआप उठून नवीन कपडे घालून आल्या नाहीत."

भाचा काही वेळ बोलला नाही. मग त्याने जो प्रश्न विचारला, तो या सगळ्या बोलण्यातला सर्वांत धारदार होता.

"त्या पत्रिका छापल्या होत्या ना?"

"छापल्या की. माळ्यावर गठ्ठे आहेत."

"त्या वाचता येतात?"

"त्या काहून येणार नाहीत?"

"मग मला सांगा, तुमची पत्रिका म्हणजे फाइल की छापील कागद? तुम्ही रॉ फाइलला निगेटिव्ह म्हणता. निगेटिव्ह डोळ्यांनी दिसते. उजेडाला धरली की नवरी ओळखू येते, काळीपांढरी उलटी का होईना. रॉ फाइल उजेडाला धरता येत नाही. प्रत्येक ठिपक्यावर किती प्रकाश पडला याचे ते आकडे, आणि प्रत्येक ठिपका लाल, हिरवा किंवा निळा यातला एकच रंग पाहतो. उरलेले दोन सॉफ्टवेअरनं शेजारच्यांवरून हिशेबानं भरायचे. म्हणजे दोन सॉफ्टवेअरांत उघडली तर दोन फोटो निघतात. मोकळी डीएनजी दिली तरी तेच. मोकळेपणा फाइलीचा असतो, अर्थाचा नसतो."

हा वार मामांना बसला, आणि त्यांनी तो लपवला नाही. "हे डार्करूममध्येही होतं," ते सावकाश म्हणाले. "एकच निगेटिव्ह. माझ्या हातचा नवरदेव सावळा यायचा, यवतमाळच्या एका स्टुडिओत तोच गोरा. मुलीकडचे तिकडची प्रिंट मागायचे, मुलाची आई माझी. निगेटिव्ह कुठंही जायची, प्रिंट जात नव्हती. मी किती सेकंद हात आडवा धरला, कुठल्या कोपऱ्यावर उजेड जास्त दिला, हे निगेटिव्हवर लिहिलेलं नसायचं. ते माझ्या हातात होतं."

"तेच मी म्हणतो! माझंही तसंच आहे. कॅप्चर वनमध्ये मी एका नथीवर तीन तास बसतो. कुठं उजेड, कुठं सावली, कुठं सोन्याचा पिवळा थोडा दाबला, हे सगळं त्या सॉफ्टवेअरच्या वहीत, त्याच्या भाषेत. उद्या मी लाइटरूममध्ये गेलो तर फाइल येईल, नथ येणार नाही. दहा वर्षांच्या कामाची वही मागं ठेवून कोण निघतं? खरं कुलूप फाइलीला नाही. कंपनीनं लावलेलं कुलूप कुणीतरी उकलतं, नाव बदलून का होईना आत शिरतं. पण रोज थोडं थोडं मी स्वतः जे लावत गेलो, त्याला कॉफिनकडंही किल्ली नाही."

"मग माझ्यात आणि तुझ्यात फरक काय राहिला? माझी वही माझ्या हातात होती, तुझी त्यांच्या घरात. मी स्टुडिओ बदलला असता तर हात बरोबर आला असता. तुझे तीन तास तू मागं ठेवून येणार. पहिलं कुलूप भांडखोर माणसाचं, दिसतं तरी. दुसरं तुझ्याच मेहनतीचं, म्हणून दिसत नाही. आणि कंपनीला खरं कुठलं परवडतं? मला तर वाटतं, पहिलं काढून टाकायला ते आता तयार होतात ते दुसऱ्यावर भरवसा बसला म्हणून."

"असेलही. पण म्हणून मी साधा कॅमेरा घेऊ? हात आखडून काम करू? तुम्ही याशिका घेतला तेव्हा गावात बॉक्स कॅमेऱ्यावर लोक खूश होते."

"घेऊ नको असं मी कधी म्हटलं? बेंबळा धरणावरच्या प्री-वेडिंगला शंभर मेगापिक्सेल कशाला, एवढंच विचारलं. एक फाइल केवढी?"

"न दाबलेली सोळा बिटची म्हणाल तर दोनशे एमबीच्या घरात."

"लग्नाचे तीन हजार फोटो. म्हणजे सहाशे जीबी. एका लग्नाचे! तेवढ्यात अख्ख्या तालुक्याच्या सोयरिकी मावतात."

"लग्नाला मी तो वापरतच नाही, मामा. कॅटलॉगचे दिवसाला वीस फोटो असतात." भाचा थांबला. "माझ्या उस्तादांकडं जुनी बॅक आहे. फाइली ठीक उघडतात, पण बॅक फायरवायर केबलीची, आणि तिचं सॉफ्टवेअर बत्तीस बिटचं. २०१९ मध्ये मॅकच्या नव्या आवृत्तीनं बत्तीस बिटचे प्रोग्रॅम घेणंच थांबवलं. उस्तादांनी एक जुना लॅपटॉप फक्त तिच्यासाठी ठेवलाय. इंटरनेट नाही, अपडेट नाही. देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा. तो गेला की पन्नास तोळ्यांची बॅक पेपरवेट."

"आणि तू म्हणतोस मी घाबरतो."

"म्हणून मी ठरवलंय, पक्कं झालेलं काम टिफमध्ये काढून ठेवायचं. ते सगळीकडं उघडतं. तीन तासांचा हात त्यात गोठलेला राहतो. पुढं बदलता येणार नाही, पण दिसेल तरी."

"म्हणजे छापील पत्रिका."

"तसंच काहीसं. रॉही ठेवायची, टिफही."

"टिफ केवढी?"

"सोळा बिटची, सहाशे एमबीच्या वर."

"एक फोटो?"

"एक."

मामांनी बोटांवर काहीतरी मोजले, अर्ध्यात सोडले. "हार्ड डिस्कवर ठेवणार?"

"दोन. एक पुण्यात, एक तुमच्याकडं, माळ्यावर, पत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी."

"ठेव. पण तिची केबल कुठल्या तोंडाची आहे, ते मला आत्ताच सांगून ठेव."